अल्गोनॅकच्या बोटी, कँटनची इंजिने

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात सेंट क्लेअर नदीच्या काठी अल्गोनॅक नावाचे लहानसे गाव आहे. ख्रिस स्मिथ आणि त्यांच्या मुलांनी १९२२ मध्ये इथे मोटरबोटी बांधणारी कंपनी सुरू केली. १९३० पासून ही कंपनी ‘ख्रिस-क्राफ्ट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या महोगनीच्या, वार्निशने चकाकणाऱ्या बोटींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र लिहिणाऱ्यांचे डोळे बहुधा लाकडावरच खिळलेले असतात. मधले झाकण उचलून खाली पाहिले की निराळाच प्रश्न उभा राहतो : हे इंजिन नेमके कोणाचे?

सुरुवातीच्या काळात उत्तर सोपे होते. पहिल्या महायुद्धानंतर विमानांची इंजिने सरकारी साठ्यातून स्वस्तात विकली जात होती. कर्टिस कंपनीचे ‘ओएक्स-५’ हे आठ सिलिंडरचे, ९० अश्वशक्तीचे इंजिन मुळात शिकाऊ वैमानिकांच्या विमानासाठीचे. ते स्मिथ मंडळींनी पाण्यावर आणले. पण युद्धाचा साठा कधीतरी संपणारच होता. पुढे ख्रिस यांचा मुलगा जे स्मिथ याने स्वतःचे व्ही-आठ इंजिन तयार केले. तरी मंदीच्या काळात ज्या इंजिनांवर ही कंपनी तगली ती वेगळीच होती. ‘बी’ चार सिलिंडरचे, ६० अश्वशक्तीचे. ‘के’ सहा सिलिंडरचे, ९५ अश्वशक्तीचे. ‘एम’ १३० अश्वशक्तीचे. पट्टीवर नाव ख्रिस-क्राफ्टचे, पण लोखंडी ब्लॉक ओतलेला ओहायोतल्या कँटन गावच्या हर्क्युलिस मोटर्सचा. हर्क्युलिसचे ब्लॉक शेतीच्या आणि कारखान्याच्या यंत्रांतही जात. त्यावर पाण्याने थंड होणारा मॅनिफोल्ड, पाण्याचा पंप, उलट-सुलट गिअरबॉक्स चढवून बोटीचे इंजिन बनवले जाई. डेट्रॉइटच्या ग्रे मरीनचेही असेच. तिथे ब्लॉक बऱ्याचदा काँटिनेंटलचे. तेव्हा एकाच इंजिनाला दोन आडनावे असतात, माहेरचे आणि सासरचे.

ही केवळ हौशी चिकित्सा नव्हे. सुटे भाग शोधायचे तर माहेरचे नाव लागते. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह हर्क्युलिसच्या मापाने मिळू शकतात, मॅनिफोल्ड मात्र सासरचाच हवा. आणि पट्टी? ती चार रिव्हेटांची साक्षीदार, काढून दुसऱ्या इंजिनावर ठोकता येते. रंग तर त्याहून कच्चा पुरावा. ब्लॉकमध्येच ओतलेले आकडे आणि त्यावर ठोकलेला क्रमांक हे जास्त भरवशाचे. ते बहुधा रंगाच्या पाच-सहा थरांखाली दडलेले असतात. म्हणून माझे मत असे की पॉलिशचे चाक लावण्याआधी शिलालेखाचा घेतात तसा कागदावर ठसा घ्यावा. घासून ‘नवे’ केलेल्या इंजिनांवर अर्धेच आकडे उरतात.

ओळख चुकली तर काय होते, ते फिरण्याच्या दिशेवरून कळते. दोन इंजिनांच्या बोटीत एक उजवे फिरते, दुसरे डावे, म्हणजे बोट एका बाजूला ओढली जात नाही. एरवीच्या सहा सिलिंडरी इंजिनात ठिणगीचा क्रम १-५-३-६-२-४; उलट फिरणाऱ्यात १-४-२-६-३-५. त्याचा कॅमशाफ्ट वेगळा, स्टार्टरही उलटा. त्यात एक मेख अशी की ‘के’ आणि ‘एम’मध्ये फ्लायव्हील बोटीच्या नाळेकडे असते. फ्लायव्हीलकडून पाहणाऱ्याचे उजवे ते मागून पाहणाऱ्याचे डावे. तारा चुकीच्या क्रमाने लावल्या की इंजिन कार्ब्युरेटरमधून उलटा भडका मारते. मोटारीत तो भडका मोकळ्या हवेत विरतो. बोटीत तसे नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बंद तळात साचून राहते. म्हणूनच अमेरिकेत २५ एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या पेट्रोल इंजिनांना भडका अडवणारे उपकरण सक्तीचे झाले, आणि तळात हवा खेळती ठेवणेही. जुन्या इंजिनावर ही जाळी नसेल तर मूळपणाच्या हट्टापायी तसेच चालवणे मला मान्य नाही.

देखभालीत खरा शत्रू पाणी. ही इंजिने तळ्याचे किंवा नदीचे पाणी थेट ओढून ब्लॉकमधून फिरवीत. गाळ आणि गंज पाण्याच्या पोकळीत तळाशी बसतो. हिवाळ्यापूर्वी तोटी उघडली, दोन थेंब पडले, मालक समजतो पाणी निघाले. प्रत्यक्षात तोटीच्या तोंडाशी चिखल असतो, आत पाणी तसेच. मिशिगनच्या थंडीत ते गोठते, फुगते आणि ब्लॉक उभा तडकतो. उपाय साधा : तोटी उघडल्यावर आत तार घालून ढोसणे. वर्षानुवर्षे बंद राहिलेले इंजिन स्टार्टरने फिरवू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे, काही दिवस थांबावे, मग हाताने फिरवून पाहावे. या चपट्या हेडच्या इंजिनांत व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच असतात आणि तिथेच चिकटतात. आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल पाणी शोषते आणि पंपाचे जुने रबरी पडदे खराब करते. ते सगळे बदलणे आले.

युद्धानंतर अनेक मालकांनी जुने इंजिन काढून मोटारीचे व्ही-आठ बसवले. मूळ जोडी कोणती होती हे व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथल्या मरिनर्स म्युझियममध्ये शोधता येते. ख्रिस-क्राफ्टची कागदपत्रे तिथे आहेत. त्यातल्या बोटवार कार्डांवर बोट कधी, कुठे रवाना झाली आणि आत कोणते इंजिन होते याच्या नोंदी सापडतात. कार्ड आणि ब्लॉक जुळले नाहीत म्हणून आतले इंजिन भंगारात घालणारे लोक आहेत. साठ वर्षे ज्या इंजिनाने ती बोट पाण्यावर फिरवली त्याचीही नोंद व्हायला हवी, कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला का होईना.