आनापानसती

आनापानसती (संस्कृत: आनापानस्मृती) ही नैसर्गिक श्वासोच्छ्वासावर लक्ष ठेवण्याची बौद्ध परंपरेतील ध्यानपद्धती आहे. गतकाळाच्या आठवणींत किंवा भविष्याच्या चिंतेत गुंतणारे मन पुनःपुन्हा वर्तमान क्षणाकडे आणणे, हा तिचा गाभा होय. महाराष्ट्रात ती ‘आनापान’ या संक्षिप्त नावाने परिचित आहे.

शब्दार्थ

‘आन’ म्हणजे आत येणारा श्वास, ‘अपान’ म्हणजे बाहेर जाणारा. ‘सती’ हे संस्कृत ‘स्मृति’ शब्दाचे पाली रूप असून मराठीत रूढ असलेल्या ‘सती’शी त्याचा संबंध नाही. स्मृती म्हटले की मराठी वाचकाला होऊन गेलेल्या गोष्टी आठवतात. येथे मात्र ‘समोर जे चालू आहे त्याचा विसर न पडणे’ असा अर्थ अभिप्रेत आहे.

ग्रंथाधार

मज्झिम निकायातील ११८ वे सुत्त याच विषयावर आहे. त्यात साधनेचे १६ टप्पे सांगितले असून काया, वेदना, चित्त आणि धम्म असे त्यांचे चार गट पडतात. येथे ‘वेदना’ म्हणजे केवळ दुःख नव्हे, तर सुखद, दुःखद किंवा तटस्थ अशी कोणतीही अनुभूती. त्याच निकायातील १३१ व्या, भद्देकरत्त सुत्तात गेलेल्याचा पाठलाग व न आलेल्याची आस सोडण्याचा उपदेश येतो.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषाने रचलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात या साधनेचे सविस्तर विवेचन आहे. नवशिक्याने श्वास मोजावेत. मात्र मोजणी पाचाच्या आत थांबवू नये व दहाच्या पुढे नेऊ नये, असे त्यात म्हटले आहे. खुंटाला बांधलेल्या वासराचा दृष्टान्तही तेथे आहे. वासरू इकडेतिकडे ओढ घेते, दावे तुटत नाही असे पाहून अखेर खुंटापाशीच बसते. येथे वासरू म्हणजे मन, खुंट म्हणजे श्वास आणि दावे म्हणजे सती.

याच परंपरेत एक सूक्ष्म निरीक्षण नोंदलेले आहे. होऊन गेलेल्या श्वासामागे धावणारे मन विखुरते आणि पुढच्या श्वासाची वाट पाहणारे मन डळमळते. म्हणजे श्वासावर लक्ष असतानाही मन भूत-भविष्यात जाऊ शकते. केवळ ‘श्वासाकडे पाहा’ एवढ्यावर थांबणाऱ्या सुलभ पुस्तिकांत हा मुद्दा बहुधा सुटतो.

पद्धती

पाठ ताठ ठेवून, डोळे मिटून बसावे. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेत नाकपुड्यांखालचा, वरच्या ओठावरील लहानसा भाग लक्ष्य मानतात. तेथे मोजणी, नामजप किंवा मूर्तिचिंतन यांची जोड देत नाहीत. श्वास दीर्घ असेल तर दीर्घ, आखूड असेल तर आखूड असे केवळ जाणायचे असते. प्राणायामात श्वासाचे नियमन केले जाते, येथे ते टाळले जाते. दोहोंतील हा मुख्य फरक होय.

काही श्वासांतच मन भरकटते. परीक्षेचा निकाल, कालचे भांडण, उद्याचा प्रवास असे काहीही मध्ये येते. ते लक्षात येताच, स्वतःवर न रागावता, पुन्हा श्वासाकडे यायचे. हे परतणे म्हणजेच साधना. मन भटकले म्हणून ती फसली असे मानण्याचे कारण नाही. अनेक नवशिके नेमक्या याच गैरसमजामुळे अभ्यास सोडतात.

महाराष्ट्रातील प्रसार

म्यानमारमध्ये जन्मलेले गोएंका (१९२४–२०१३) हे सयाजी ऊ बा खिन यांचे शिष्य. १९६९ मध्ये भारतात आल्यावर त्यांनी शिबिरे घेण्यास प्रारंभ केला. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीचे ‘धम्मगिरी’ हे त्यांच्या परंपरेचे प्रमुख केंद्र आहे. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात आरंभीचे सुमारे साडेतीन दिवस आनापानाला दिले जातात आणि चौथ्या दिवशी विपश्यना शिकवली जाते. राज्यातील शाळांत ‘मित्र उपक्रम’ या नावाने विद्यार्थ्यांकडून थोडा वेळ आनापानाचा सराव करून घेतला जातो. हा वेळ केवळ वर्ग शांत ठेवण्यासाठी वापरला, तर मूळ हेतू बाजूला पडतो.

आधुनिक संशोधन

मॅथ्यू किलिंग्जवर्थ व डॅनियल गिल्बर्ट यांचा मनाच्या भटकण्यावरील अभ्यास २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २,२५० प्रौढांना मोबाईलवरून दिवसातील अनियमित वेळी प्रश्न विचारण्यात आले. ४६.९ टक्के नोंदींत मन हातातल्या कामावर नव्हते आणि अशा वेळी माणसे कमी आनंदी असल्याचे आढळले. हा अभ्यास ध्यानाचा नव्हता. त्यामुळे ध्यानाच्या परिणामांचा पुरावा म्हणून तो देणे योग्य नाही.

भविष्याचा विचार सर्वस्वी त्याज्य ठरत नाही; नियोजन त्याशिवाय होत नाही. तीव्र मानसिक आघात झालेल्या काही व्यक्तींना डोळे मिटून श्वासाकडे पाहताना अस्वस्थता वाढल्याचा अनुभव येतो. अशांनी हा अभ्यास तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावा.