शिंगाळा, गळ आणि आमिष

'आमिष' हा शब्द आता बहुतेक वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतच भेटतो. नोकरीचे आमिष दाखवून गंडा, दामदुपटीचे आमिष, लग्नाचे आमिष. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. म्हणून मांसाहारी जेवण ते सामिष आणि शाकाहारी ते निरामिष. गळाला लावायचा मांसाचा तुकडा तो आमिष झाला आणि पुढे कोणतीही लालूच आमिष झाली. 'गळाला लागणे', 'गळ टाकून बसणे' हे वाक्प्रचारही त्याच वाटेने गेले. मासेमारीतून आलेल्या या शब्दांना भाषेत कायमचा फसवणुकीचा वास चिकटला.

मला मात्र वाटते की आमिष लावणाऱ्या माणसाला आधी माशाची ओळख करून घ्यावी लागते, आणि ती ओळख हे एक शास्त्रच आहे. निवृत्तीनंतर ट्रॉम्बेच्या जेट्टीकडे फिरायला जाण्याची सवय लागली. तिथे खाडीत गळ टाकून शिंगाळ्याची वाट पाहणारी माणसे पाहिली, त्यांच्याशी बोललो, घरी येऊन थोडे वाचले. त्या साऱ्याची जुळवाजुळव करून इथे मांडतो आहे.

ट्रॉम्बे म्हणजे आपले जुने तुर्भे. खाडीच्या पलीकडे नवी मुंबईत दुसरे तुर्भे आहे, म्हणून अलीकडचे लोक इंग्रजी वळणाचे ट्रॉम्बे हेच नाव वापरतात. हे नाव घेतले की बाहेरच्या माणसाला अणुभट्टी आठवते. ते साहजिकच आहे. १९५४ साली इथे अणुऊर्जा संशोधनाची संस्था उभी राहू लागली, ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली आणि १९६७ साली संस्थेला डॉ. होमी भाभांचे नाव मिळाले. त्याच दशकात शेजारी माहुलच्या बाजूला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले, औष्णिक वीजकेंद्र आले, मागून खतकारखाना आला. पण कोळीवाडा या सगळ्यांच्या आधीचा. १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर छापले गेले, तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता आणि मासेमारी हा इथल्या किनाऱ्याचा मोठा धंदा होता.

ठाण्याच्या खाडीचे पाणी बाराही महिने गढूळ. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि प्रत्येक वेळी तळाचा चिखल ढवळून निघतो. काठाला तिवरांची दाटी. अशा पाण्यात डोळ्यांवर विसंबणाऱ्या माशाचे हाल होतात. मिशांवर विसंबणारा मासा मात्र सुखात राहतो. शिंगाळा हा असा मिशाळ मासा. त्याच्या भाऊबंदांपैकी शिंगटी आणि चिवणी आपल्याकडे ठाऊक आहेत. गोव्यात शिंगाळ्याला संगट म्हणतात. अंगावर खवले नाहीत, कातडी गुळगुळीत, आणि पाठीवर एक व कल्ल्यांमागे दोन असे तीन दातेरी काटे. काटा हाताला लागला तर हात ठणकतो आणि सुजतो. म्हणून कोळणी शिंगाळा हातात घेतला की आधी काटे मोडतात, मग पुढचे काम.

या कुळातल्या माशांचे नाक तीक्ष्ण असतेच. पण जीवशास्त्रज्ञ सांगतात की चव कळणाऱ्या पेशी त्यांच्या फक्त तोंडात नसतात. त्या मिशांवर असतात आणि साऱ्या अंगाच्या कातडीवरही असतात. म्हणजे हा मासा जणू अंगभर जीभ पांघरून पोहतो. चिखलात दडलेली कोळंबी त्याला दिसत नाही, पण पाण्यातून येणारी तिची चव त्याच्यापर्यंत पोचते.

कोळीवाड्यातल्या एका वयस्कर नाखवांनी मला हेच दोन वाक्यांत सांगितले होते. "मास्तर, खारीचा पानी गदूल. त्याला डोले काय कामाचे? तो वासावर येतं." पुढचे सारे याच वाक्यातून निघते. आमिष दिसायला सुंदर असण्याची गरज नाही. ते पाण्यात वास सोडणारे हवे आणि गळावर टिकणारे हवे. या दोन गोष्टींचे एकमेकींशी पटत नाही, आणि खरी निवड तिथेच करावी लागते.

बोंबलाचा तुकडा वास भरपूर सोडतो, पण इतका मऊ की ओढ लागली की गळावरून निसटतो. सुकी वाकटी चिवट, तिचा वास हळूहळू सुटतो. कोळंबी सगळ्यांना आवडते, पण सोलून लावली तर चिंबोऱ्या आणि बारकी मासळी ती आधीच कुरतडून टाकतात. म्हणून ती सालासकट लावायची आणि गळाचे टोक तेवढे मोकळे ठेवायचे. माकूल सर्वांत टिकाऊ, तासभर पाण्यात राहिली तरी जागची हलत नाही. पावसाचे गोडे पाणी खाडीत उतरले की गांडूळ चालते. कारण त्या दिवसांत जमिनीवरून वाहून आलेले गांडूळ माशाच्या ओळखीचे झालेले असते. नाखवांचा साधा नियम असा की त्या आठवड्यात खाडीत जे मरते आणि वाहते, तेच गळाला लावावे.

वेळेचाही विचार असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचे उधाण डोलजाळ्याच्या कामाचे, कारण त्या जाळ्याला पाण्याची जोरदार ओढ लागते. मधल्या दिवसांत भांग असते, म्हणजे पाणी मंद. तेव्हा डोल विसावते आणि गळ कामाला लागतो. शिसे तळाशी ठरते, आमिष एका जागी राहते आणि त्याचा वास एका रेषेत पसरतो. ती रेषा धरून शिंगाळा उलट्या दिशेने वर येतो. भरती नुकती लागते तेव्हा तो खाण्यासाठी तिवरांकडे सरकतो. गळ टाकण्याची ती घटका.

आता थोडे मागे, बाराव्या शतकात जाऊ.

बी.ए.ला मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकताना 'मानसोल्लास' हे नाव आम्ही पाठ केले होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ ते ११३१ च्या सुमारास हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आपल्या सीमेला लागूनच. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख त्यात आहे. परीक्षेत तेवढाच विचारला जाई. त्या ग्रंथाचे शंभर अध्याय आहेत आणि त्यांतला एक 'मत्स्यविनोद' आहे, ही गोष्ट मला पुष्कळ उशिरा, निवृत्तीनंतर कळली. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादित केला. पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली मत्स्यविनोदावर एक निबंध लिहिला आणि तेव्हा मत्स्यशास्त्रज्ञांचे तिकडे लक्ष गेले.

काय आहे त्यात? सुमारे पस्तीस जातींचे मासे सांगितले आहेत. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि नुसत्या कातडीचे, अशी त्यांची विभागणी केली आहे. कोणत्या माशाला काय खायला घालावे हे सांगितले आहे. कुणाला पिठाचे आणि पेंडीचे गोळे, तर मांस खाणाऱ्यांना मांस. गळ टाकण्याआधी माशांना त्या अन्नाची आणि त्या जागेची सवय लावायची, हा त्यातला कळीचा मुद्दा. मग काठी, दोरा, गळ. राजाला हा खेळ होता, पोटाचा प्रश्न नव्हता. तरी आमिषाचा विचार त्याने नाखवांसारखाच, माशाच्या बाजूने केला आहे.

संस्कृत ग्रंथांतला 'पाठीन' हाही मिशाळच. मनुस्मृतीने खाण्यास योग्य म्हणून रोहितासोबत त्याचे नाव घेतले आहे. विद्वान त्याची ओळख नद्या-तलावांतल्या शिवड्याशी पटवतात. हाच शिवडा पुढे इंग्रज साहेबांना भेटला आणि त्याच्या खादाडपणामुळे त्यांनी त्याला गोड्या पाण्यातला शार्क म्हटले. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याने १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिले आणि ते मंगळूरला छापले. राजाने लिहिले, साहेबाने लिहिले. ज्यांचे पोट त्यावर चालत होते त्यांनी मात्र काही लिहिले नाही. त्यांचे ज्ञान बापाकडून मुलाकडे होडीतच गेले. आमच्या पाठ्यपुस्तकांत कांडणाऱ्या बाईची ओवी आली याचा मला आनंदच आहे. पण गळाला काय लावावे हे ज्याला ठाऊक होते, तो त्या पुस्तकांत कधी आला नाही.

हे ज्ञान जपण्याजोगे का आहे, याचे उत्तर शिंगाळ्याच्याच एका सवयीत आहे. मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात घेतो. अंडी थोडीच, पण गोटीएवढी मोठी. पिल्ले फुटून स्वतंत्र होईपर्यंत, म्हणजे कित्येक आठवडे, तो ती तोंडात सांभाळतो. या काळात तो खात नाही. त्यामुळे त्याच्या पुढ्यात बोंबील टाका, कोळंबी टाका, माकूल टाका, तो ढुंकूनही पाहणार नाही. गळाची मासेमारी अशी आपोआप मर्यादित राहते. ज्याला भूक आहे तोच लागतो. बाप झालेला शिंगाळा आमिषाला नकार देऊ शकतो.

जाळ्याला नकार देता येत नाही. कर्नाटक किनाऱ्यावर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पर्ससीन जाळी आली. ती अख्ख्या थव्याभोवती फिरवून तळाकडून आवळतात. शिंगाळे थव्याने फिरतात, आणि तोंडात अंडी घेतलेले नरही त्या थव्यांत असतात. ते हजारोंनी सापडले, होडीवर ओतले गेले आणि तोंडातली अंडी फळ्यांवर सांडली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे त्याच काळात नोंदवून ठेवले आहे. ज्या माशाची अंडीच मोजकी, त्याची एक पिढी अशी गेली की भरपाई लवकर होत नाही. पुढे त्या किनाऱ्यावर शिंगाळ्याची आवक ढासळली. महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ साली केला आणि पर्ससीनवर कडक निर्बंध २०१६ साली घातले.

कोळी तेवढे साधू आणि यंत्रवाले तेवढे दुष्ट असे मला म्हणायचे नाही. पहिल्या पावसात गाभोळीने भरलेली चिवणी आगरी-कोळी घरांत सणासारखी शिजते, आणि ती अंड्यांसकटच खातात. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची रीत पाळणारेच लोक खाडीत चिवणी धरतात. पण तिथे हाताने किती धरायची याला माणसाच्या बळाचीच सीमा होती. यंत्राला ती सीमा राहिली नाही.

खाडीही पूर्वीची राहिलेली नाही. कारखान्यांचे आणि शहराचे सांडपाणी तिने अनेक दशके पोटात घेतले. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले, तेव्हा कित्येक दिवस मासेमारी बंद राहिली आणि लोकांनी मासळी घेणे सोडले. वासावर जगणाऱ्या माशाच्या पाण्यात तेल मिसळणे म्हणजे आंधळ्याची काठी हिसकावण्यासारखे. २०१५ साली खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. पक्षी पाहायला आता दुरून माणसे येतात. पाण्याखालच्या मिशाळांना पाहुणे नाहीत.

बाजारात त्यांच्याच दूरच्या नात्यातला थाई मांगूर मात्र आला. नाव थाई, मूळ आफ्रिकेतले. केंद्राने २००० सालीच त्याच्या पैदाशीवर बंदी घातली, तरी तो चोरून वाढवला जातो आणि अधूनमधून तलावांवर धाडी पडतात. कोंबड्यांची आतडी, कुजका कचरा, काहीही खाऊन तो फुगतो. त्याच्यासाठी आमिष निवडावे लागत नाही. बादली ओतली की झाले.

जेट्टीवर आता गळ टाकणारे बहुतेक हौशी. कोंबडीवाल्याकडून आतडी आणतात, नायलॉनचा दोरा सोडतात आणि मोबाइल पाहत बसतात. मिळालेच तर मिळाले. नाखवांची मुले नोकऱ्यांत आहेत, आणि त्यात वाईट काही नाही. खाडीत दिवस काढून घर चालत नाही, हे ते बापापेक्षा जास्त जाणतात. माझे म्हणणे इतकेच की भांगाच्या दिवशी कोणते आमिष, पावसात कोणते, माकूल कधी आणि बोंबील कधी, हे कुणीतरी वहीत उतरवून घ्यावे. सोमेश्वर राजाने नऊशे वर्षांपूर्वी ते काम केले, तेव्हा त्यालाही कुणीतरी नदीकाठच्या माणसाने सांगितलेच असणार. मी माझ्यापुरती एक वही केली आहे. नाखवा सांगतात तसे त्यात लिहितो. त्यांची बोली मुद्दाम तशीच ठेवतो, शुद्धलेखन दुरुस्त करीत नाही. आतापर्यंत अठ्ठावीस पाने झाली आहेत.