पायलीभर ज्वारी आणि दवाखान्याचा भाव

सुगी आटोपली की सेवाग्रामभोवतीच्या खेड्यांत घरोघरची ज्वारी मोजून गोळा करायची आणि तिच्या बळावर वर्षभर कस्तुरबा रुग्णालयाचा आधार मिळवायचा, अशी रीत १९७०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. उल्हास जाजूंच्या पुढाकाराने उभी राहिली. ज्याची शेती जास्त, त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची थोडी, उपचार मात्र आजार पाहून. गावातली तीन-चतुर्थांश घरे आली नाहीत, तर गावच योजनेबाहेर. अचानकच्या आजारात भरती फुकट, मोतीबिंदूसारख्या ठरवून करायच्या उपचारात काही खर्च रुग्णाचा. ही योजना सहसा गांधीविचारांच्या सेवेच्या खात्यात टाकली जाते. माझ्या मते तिची जागा बाजाराच्या इतिहासातही आहे, कारण उपचाराचा भाव आजारी पडण्याआधी आणि एकट्याने नव्हे, तर गावाने मिळून ठरवण्याचा तो प्रयत्न होता.

हिंगणघाटच्या बाजारात कापसाचा भाव चार ठिकाणी विचारणारा शेतकरी छातीत कळ आली की एकही भाव विचारत नाही. ही अडचण खेड्यापुरती नाही. अमेरिकेत २००८ साली निघालेल्या कॅसलाइट कंपनीने नोकरदारांना दवाखान्यांचे दर आणि दर्जा पडद्यावर ताडून पाहण्याची सोय विकली. तशा सोयी पुढे अनेक निघाल्या. दोन मोठ्या कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना असे साधन दिले, तेव्हा काय घडले याची पाहणी २०१६ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. पहिल्या वर्षात जेमतेम दहा टक्के लोकांनी ते उघडले आणि बाह्यरुग्ण उपचारांवरचा खर्च काही घटला नाही. भाव दिसणे वेगळे, त्यावरून दवाखाना बदलणे वेगळे. ओळखीचा डॉक्टर सोडून दुसरीकडे जाणे हे भाजीवाला बदलण्याइतके सोपे नसते.

यावर आक्षेप येतो, तो रास्त आहे. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा (कस्तुरबा रुग्णालय त्याचेच) निम्मा खर्च केंद्र सरकार उचलते, पाव हिस्सा राज्य सरकार. मग ज्वारीने भागले कुठे? नाहीच भागले. रुग्णालयाचा खरा खर्च त्या पायल्यांत कधीच मावणारा नव्हता. पण वर्गणीने गावाला रुग्णालयाला जाब विचारण्याचा हक्क दिला, आणि तो फुकट औषधाने मिळत नाही. दुसरा आक्षेप असा की आता औषधांचे सरकारी दर मोबाईलवर पाहता येतात, मग गावाने मिळून भाव ठरवणे कशाला? पण औषध निवडतो डॉक्टर, पैसे देतो रुग्ण. २०१० च्या सुमारास डॉ. एस. पी. कलंत्री यांच्या पुढाकाराने याच रुग्णालयाने स्वस्त जेनेरिक औषधे द्यायला सुरुवात केली. तिथे ही गाठ नेमकी औषध लिहिणाऱ्याच्या हातापाशी सुटली, कारण छापील किमतीपेक्षा कितीतरी कमी दराची गोळी आधी चिठ्ठीवर उतरावी लागते.

जानेवारी २०२१ पासून महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांना नियमानुसार दरपत्रक दर्शनी भागात लावावे लागते. खाटेचे भाडे, डॉक्टरांच्या भेटीचे शुल्क त्यात वाचता येते. शस्त्रक्रियेनंतर किती जण जखम चिघळून परत आले, याचा रकाना त्यात नाही.