वैगुण्याचे मोल

1974 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांची ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ ही तीन पुस्तिकांची पेटी प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या अवघ्या 1000 प्रती छापल्या होत्या. परंतु मेजाभोवती बसून, प्रत्येकाने एकेका कल्पित पात्राची भूमिका घेऊन, सूत्रधाराने वर्णिलेल्या जगात फाशांच्या कौलाने वावरण्याचा जो खेळ पुढे देशोदेशी रुजला, त्याचा उगम याच पेटीत आहे. या आरंभीच्या खेळात पात्राचे वैगुण्य हा केवळ दैवाचा घाला होता. बळ, बुद्धी इत्यादी सहा गुण तीन फाशांच्या दानावरून ठरत, आणि एखाद्या योद्ध्याच्या वाट्याला बळाचे दान सहा किंवा त्याहून कमी आले, तर त्याच्या अनुभवाच्या कमाईतून पंचमांश वजावट होई. दुर्बलतेला शिक्षा होती, मोबदला नव्हता.

हा न्याय पालटला तो 1981 मध्ये, कॅलिफोर्नियात निघालेल्या ‘चॅम्पियन्स’ या अतिमानवी वीरांच्या खेळाने. जॉर्ज मॅकडोनल्ड आणि स्टीव्ह पीटरसन यांनी पात्ररचना फाशांच्या हातून काढून घेतली आणि तिचा रीतसर जमाखर्च मांडला: प्रत्येक सामर्थ्याची किंमत नावे पडे, आणि खेळाडूने आपण होऊन पत्करलेले प्रत्येक वैगुण्य जमेस धरले जाई. मात्र हे कर्ज होते, देणगी नव्हती, आणि त्याचा तगादा खेळाच्या मेजावर प्रत्यक्ष येत असे. एखाद्याने आपल्या कागदावर ‘शत्रू मागावर, 11 किंवा कमी’ एवढेच लिहिलेले असे. सूत्रधार खेळाच्या प्रारंभी तीन फासे टाकी, आणि बेरीज अकरापर्यंत आली, म्हणजे सरासरीने आठांपैकी पाच वेळा, तो शत्रू त्या दिवशीच्या कथेत हजर होई. आठाची अट घेतली तर तो सुमारे चौथाई वेळा येई, चौदाची घेतली तर दहांपैकी नऊ वेळा, आणि त्या प्रमाणात जमाही वाढे. या योजनेची खरी करामत मला वाटते ती अशी, की स्वतःच्या लाभासाठी घेतलेल्या दोषामुळे खेळाडू नकळत सूत्रधाराला कथावस्तू पुरवीत असे. कोण मागावर आहे, कोणत्या आप्ताच्या रक्षणासाठी वीराला हातचे काम टाकून धावावे लागते, हे सारे त्याच्याच हस्ताक्षरात लिहिलेले असे. काही हिशेबी खेळाडू कधीच उपद्रव न देणारे दोष शोधून फुकटची जमा मिळवू पाहत. म्हणून ज्या वैगुण्याने अडचण होत नाही त्याला मोल नाही, असा दंडकही घालावा लागला.

स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘गर्प्स’ने 1986 मध्ये हीच पद्धत सर्व काळांच्या आणि सर्व जगांच्या कथांना लागू केली. त्यात सत्यनिष्ठा, कायद्याचे कसोशीने पालन आणि कर्तव्यबुद्धी यांची गणना वैगुण्यांत आहे, कारण त्यांच्यापायी पात्राचे हात बांधले जातात. हरिश्चंद्राची कथा लहानपणापासून ऐकलेल्या वाचकाला याचे नवल वाटू नये.

परंतु या इतिहासातील सर्वांत परिपक्व विचार मला 1985 मधील ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘पेंड्रॅगन’मध्ये दिसतो. आर्थर राजाच्या सरदारांचा हा खेळ. यात स्वभावाच्या 13 जोड्या आहेत: क्षमाशील आणि सूडबुद्धीचा, विनम्र आणि गर्विष्ठ, सहज विश्वास ठेवणारा आणि संशयी, प्रत्येक जोडीची बेरीज 20, म्हणजे एक बाजू वाढली की दुसरी तेवढीच घटते. समजा, परक्या गढीत यजमानाने मद्याचा पेला पुढे केला आहे, आणि पाहुण्या सरदाराच्या कागदावर संशयीपणा 14 आहे. वीस बाजूंचा फासा चौदा किंवा त्याखाली पडला, तर तो पेला ओठांना लावणार नाही. पेल्यात विष असेल तर त्याचा प्राण वाचेल, आणि नसेल तर भर दरबारात यजमानाचा अपमान होईल. एकच वृत्ती दोन्ही परिणाम घडवते, आणि तिला दोष म्हणावे की गुण, हे प्रसंगच ठरवतो. इतकेच नव्हे, तर ख्रिस्ती सरदाराला उणेपणा आणणारा गर्व जुन्या धर्माच्या सरदाराला सद्गुण म्हणून भूषवतो. येथे खरेदी नाही, वसुली नाही. सरदार जसा वागेल तसा त्याचा स्वभाव घडत जातो, आणि तो वृद्ध झाल्यावर त्याचा पुत्र त्याची जागा घेतो.

2003 मध्ये फ्रेड हिक्स आणि रॉब डोनॉह्यू यांच्या ‘फेट’ने जमाखर्चाची वेळच बदलली. आगाऊ उचल बंद झाली; दोषाने ज्या क्षणी घात केला त्याच क्षणी खेळाडूच्या हाती एक दैवगुण पडू लागला, जो पुढे अटीतटीच्या प्रसंगी खर्चता येतो. उपद्रव न देणाऱ्या दोषातून त्यामुळे काहीच मिळेनासे झाले, आणि दंडकाची गरज उरली नाही. घात टाळायचा असेल तर उलट गाठीचा एक दैवगुण मोडावा लागतो. 2013 च्या आवृत्तीत तर खेळाडूला स्वतःहून सुचवण्याची स्पष्ट मुभा आहे, की माझा हा उतावळा नायक या सभेत गप्प बसणार नाही. सूत्रधाराने मान्यता दिली की बेत फसतो, दैवगुण जमा होतो, आणि मेजाभोवतीचे सगळे त्या फसलेल्या बेतातून वाट काढायला लागतात.