उष्णारंभदोष (जुन्या इंधन-अंतःक्षेपी स्पोर्ट्स मोटारींतील)

थंड असताना पहिल्याच सेल्फला सुरू होणारे इंजिन काही अंतर धावून तापल्यावर बंद केले, आणि दहा मिनिटांपासून तासाभराच्या आत पुन्हा सुरू करू गेले असता बराच वेळ फिरूनही पकडत नाही, अथवा पकडलेच तर एकदोन सिलिंडरांवर अडखळत पकडते, अशा विकृतीस ही संज्ञा लावतात. १९७० व १९८० च्या दशकांतील, आणि त्यांतही बॉश कंपनीची के-जेट्रॉनिक यंत्रणा बसविलेल्या पोर्शे ९११ सारख्या मोटारींत हा दोष विशेष आढळतो. गाडी गरम झाली की उचलत नाही, ही मालकाची कैफियत ऐकून बहुतेक कारागीर उष्णतेलाच आरोपी ठरवतात. वस्तुतः उष्णता येथे निमित्तमात्र असून मूळ व्यंग बंद यंत्रणेला दाब धरून ठेवता येत नाही हे होय.

१९७३ पासून प्रचारात आलेल्या के-जेट्रॉनिकमध्ये विजेवर चालणारा पंप पेट्रोल सुमारे पाच बार दाबाने वितरकाकडे पाठवतो आणि तेथून ते प्रत्येक सिलिंडरच्या इंजेक्टरला अखंड धारेने मिळते. इंजिन बंद होताच पंपही थांबतो; परंतु पंपाच्या मुखाशी असलेला एकदिशा व्हॉल्व्ह आणि नळीमार्गातील अॅक्युम्युलेटर यांनी काही दाब राखून ठेवावा, तो इंजेक्टर उघडण्याच्या दाबाहून, म्हणजे सुमारे तीन बारहून, कमी असावा, आणि ९११ च्या बाबतीत वीस मिनिटांनंतरही एक बारच्या खाली जाऊ नये, अशी मूळ योजना आहे. दाबाखालील पेट्रोल उशिरा उकळते. तो दाब गेला, की तापलेल्या नळ्यांत व वितरकात वाफ साठते, आणि पुढच्या खेपेस पंप पेट्रोलऐवजी वाफच पुढे ढकलीत बसतो. दाब गेलेला असूनही सकाळी हेच इंजिन निमूट सुरू होते, कारण तोवर वाफ निवालेली असते आणि कोल्ड-स्टार्ट व्हॉल्व्ह जादा पेट्रोल फवारून उणीव भरून काढतो. इंजिन साधारण पस्तीस अंशांच्या वर असले तर थर्मो-टाइम स्विच ही कुमक बंद ठेवतो.

या दोषाची परीक्षा पाहण्यास पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे दोन तालुके अनायासे सोयीचे आहेत. महाडकडून वरंध घाट चढून वाघजाईच्या देवळापाशी चहाभज्यांसाठी पंधरा-वीस मिनिटे थांबलेल्या ९११ चे इंजिन मागील बाजूस असते व हवेने थंड होते. ते बंद होताच त्याचा पंखाही थांबतो, आणि चढावर साठलेली उष्णता इंजिनकक्षातील अॅक्युम्युलेटर व वितरक यांच्यात मुरत जाते. येथे गाडी अडली, तर संशयास आधार आहे. याउलट नसरापूरहून मार्गासनीवरून वेल्ह्यास जाऊन, गाडी पायथ्याशी ठेवून तोरणा चढून उतरणाऱ्यास अर्धा दिवस लागतो, आणि तेवढ्या अवधीत दोष बहुधा स्वतःच पुसला जातो. मात्र वैशाखात भर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन न चालताही पस्तीस अंश ओलांडू शकते, आणि मग थंड म्हणावे अशा इंजिनालाही जादा पेट्रोल मिळत नाही. म्हणून कारागिराने प्रथम विचारावयाचा प्रश्न गाडी किती तापली होती हा नसून किती वेळ उभी होती हा आहे. समुद्रसपाटीपासून उंचीला मात्र उगाच महत्त्व दिले जाते. भोरच्या सहाशे मीटरच्या आसपासच्या उंचीने पेट्रोलचा उत्कलनबिंदू दोन-तीन अंशांनीच उतरतो.

तपासाचा आरंभ सेल्फपासून करावा, कारण तापलेला सेल्फ मंद फिरत असेल तर पुढची सारी चौकशी व्यर्थ जाते. तो जोमाने फिरत असल्यास प्लग काढून पाहावा: कोरडा असल्यास पेट्रोल पोहोचत नाही, ओला, काळा व उग्र वासाचा असल्यास गळक्या इंजेक्टरांनी किंवा कोल्ड-स्टार्ट व्हॉल्व्हने इंजिन फ्लड केले आहे, आणि ते अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून फिरविल्यास काळा धूर सोडून पकडते. त्यानंतर वितरक व वॉर्म-अप रेग्युलेटर यांच्यामध्ये दाबमापक जोडून गाडी बंद करावी आणि काटा पाहत राहावे. बंद करताच टाकीकडून पंपाकडे येणारी मऊ नळी चिमट्याने दाबून धरल्यावर काटा स्थिरावला तर पंपाचा एकदिशा व्हॉल्व्ह दोषी. मापकाचा झडपमार्ग रेग्युलेटरकडे बंद करताच स्थिरावला तर गळती रेग्युलेटरमध्ये. टाकीकडे परतणारी नळी दाबल्याने थांबला तर वितरकातील दाबनियामकाची रबरी कडी झिजलेली. अॅक्युम्युलेटरच्या मागील तोंडातून पेट्रोल आले, तर त्याचा पडदा फाटला आहे, याला आणखी पुरावा नको. हे जोडकाम इंजिन निवल्यावरच करावे; तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोलची चिळकांडी उडाली तर गाडीसह कारागीरही होरपळेल.

एल-जेट्रॉनिक व मोट्रॉनिक या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांत तापमापी सेन्सरकडे पाहावे लागते: वीस अंशांस अडीच हजार ओहमच्या आसपास असणारा त्याचा रोध ऐंशी अंशांस सुमारे तीनशेवर आला पाहिजे, नाहीतर संगणक तापलेल्या इंजिनाला थंड समजून पेट्रोल ओततो. १९८४ पासूनच्या ९११ कॅरेरात रिलेचे झाळलेले सांधे उष्णतेने तडकून पंपाची वीज तुटते, हे कारण क्षुल्लक दिसले तरी वारंवार आढळते.

फियाट व अँबॅसडरच्या काळात घाटात पेट्रोल पंपावर ओले फडके टाकण्याचा शिरस्ता होता, आणि इंजिनाला चिकटलेल्या त्या पंपापुरता तो रास्तही होता. बहुतेक ९११ मोटारींत पंप पुढे टाकीजवळ असल्याने त्यावर फडके टाकून काही साधत नाही. २०२३ पासून विक्रीस आलेल्या वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने मूळ रबरी पडदे व कड्या लवकर जीर्ण होण्याचे भय आहे, तेव्हा सुटे भाग बदलताना इथेनॉलास टिकणारेच घ्यावेत. काही कारागीर कोल्ड-स्टार्ट व्हॉल्व्हला डॅशबोर्डवर स्वतंत्र बटण जोडून देतात. त्याने गाडी घाटातून निघते खरी, पण गळती तशीच राहते. आणि इंजिन त्याच व्हॉल्व्हच्या गळतीने फ्लड झालेले असले, तर ते बटण दाबल्याने प्लग अधिकच भिजतात.