तोफा ओतणाऱ्यांची विद्या

छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, वेरुळास जातांना वाटेंत देवगिरी ऊर्फ दौलताबादचा किल्ला लागतो. त्याच्या एका बुरुजावर मेंढा तोफ आहे. मागील टोंकास मेंढ्याचें मस्तक असल्यामुळें लोकांनीं तिला हें नांव दिलें. तिच्यावरील फारसी लेखांत मात्र तिचें नांव ‘किला शिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी, असें असून औरंगजेबाच्या नांवाबरोबरच ती घडविणाऱ्या महंमद हुसेन अरब याचेंही नांव कोरलेलें आहे. ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. तोफ कोणीं डागली आणि कोणत्या तटास खिंडार पडलें, याचीं वर्णनें आपल्या इतिहासग्रंथांत विपुल सांपडतात. ती ओतली कशी, याविषयीं ते बहुधा मौन धरितात. धातूनें मात्र आपल्या कर्त्यास विसरूं दिलें नाहीं.

ही विद्या दक्षिणेंत औरंगजेबापूर्वीं पुष्कळ वर्षें नांदत होती. दौलताबाद त्या काळीं ज्या निजामशाहीच्या ताब्यांत होतें, तिच्याच राजधानींत, अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथें, इ. स. १५४९ मध्यें महंमद बिन हसन रूमी यानें प्रसिद्ध ‘मलिक-इ-मैदान’ ओतली. तिची लांबी सुमारें १४ फूट, तोंडाचा बाहेरील व्यास सुमारें ५ फूट, आणि वजन सुमारें ५५ टन धरण्यांत येतें. पुढें ती विजापुरास गेली व अद्यापि तेथील बुरुजावर आहे. तिच्या धातूचें पृथक्करण केलें असतां शंभर भागांत सुमारें ८० भाग तांबें व २० भाग कथील निघालें. युरोपांत तोफेच्या कांशांत कथील दहांत एक भागाच्या आसपास घालीत. पांचांत एक हें प्रमाण तोफेचें नव्हे, घंटेचें होय.

असें कां केलें असावें, हें समजण्यास धातू गोठतो कसा तें पाहिलें पाहिजे. शुद्ध तांबें १०८४ सेंटिग्रेड अंशांवर गोठूं लागतें आणि तेथेंच सर्व गोठून जातें. कांशाचें तसें नाहीं. थंडीच्या दिवसांत पातळ तूप निवूं लागलें, म्हणजे त्यांत आधीं रवा धरतो आणि त्याभोंवतीं कांहीं वेळ पातळ तूप शिल्लक राहतें. कांशाचीही गत तीच. दहांत एक भाग कथील असलेलें कांसें हजार अंशांच्या किंचित् वर गोठूं लागतें. पण त्यांतील शेवटचा थेंब गोठेपर्यंत ८०० अंशांपर्यंत उतरावें लागतें. आधीं गोठणाऱ्या स्फटिकांत तांबें अधिक जातें, मागें राहिलेल्या रसांत कथील सांचत जातें. हे स्फटिक फांद्याफांद्यांचे असतात. त्यांच्या जाळ्यांत रस अडकतो, कोठें पोकळी राहते, तर कोठें कथिलाचा रस बाहेर ढकलला जाऊन ओतकामाच्या पृष्ठावर घामाप्रमाणें फुटतो. तोफ जितकी जाड, तितका थंड होण्यास वेळ अधिक, आणि तितका हा दोष बळावतो. ओताऱ्याचा खरा शत्रु हाच. रस आणि घन यांमधील ही संधिवेळा.

कथील पांचांत एक घातलें, तर गोठणें ८९० अंशांच्या सुमारास सुरू होतें. म्हणजे धातू कमी आंचेंत वितळतो, सांच्यांत मोकळा वाहतो आणि ही अडचणीची वेळा जवळजवळ निम्म्यानें आंखूड होते. एवढा प्रचंड रस एका सांच्यांत उतरवितांना रूमीनें या लाभासाठींच घंटेचें मिश्रण पत्करलें असावें, असें अनुमान करण्यास जागा आहे. परंतु असें कांसें ठिसूळ असतें. धक्क्यासरशीं तडकण्याचें भय. तोंडापाशीं या तोफेची भिंत सव्वा फुटाच्या आसपास जाड आहे, तिचेंही कारण यांत सांपडतें. एका हातानें घेतलेलें दुसऱ्या हातानें फेडावें लागलें, आणि तें किती फेडावें हें ठरविणें हेंच या विद्येचें मर्म.

गेल्या अर्धशतकांत या शत्रूलाच चाकरीस ठेवण्याची युक्ति निघाली. इ. स. १९७१ च्या सुमारास अमेरिकेंत, मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत, प्रा. फ्लेमिंग्स यांचे शिष्य डेव्हिड स्पेन्सर यांस कथील व शिशाच्या मिश्रणावर प्रयोग करतांना असें दिसून आलें, कीं गोठतांना धातू सतत घोटीत राहिल्यास फांद्यांऐवजीं गोलसर कण होतात, आणि अर्धा घट्ट धातूही दाबाखालीं लोण्यासारखा सांच्यांत शिरतो. तांब्याच्या मिश्रधातूंस ही रीत विशेष सोयीची. कारण आंच कमी लागल्यानें पोलादी सांचा लवकर भाजून निकामी होत नाहीं. त्याच सुमारास वेल्समधील स्वान्सी येथें प्रा. सिंगर यांनीं दुसरी वाट काढली. वितळलेल्या धारेवर वायूचे झोत सोडून तिचे तुषार करावयाचे. ते वाटेंतच अर्धवट गोठून खालीं थरावर थर बसतात व त्यांचा ठोकळा होतो. तुषार इतक्या त्वरेनें निवतात, कीं कथिलास वेगळें होण्यास सवड मिळत नाहीं. शंभरांत १५ भाग कथील असूनही एकजीव असें कांसें या रीतीनें होतें, आणि तें अतिवाहक चुंबकांच्या तारांसाठीं उपयोगीं पडतें.

रूमी व अरब यांस हीं साधनें नव्हतीं, उष्णमापक यंत्रही नव्हतें. भट्टीचा रंग आणि रसाची चाल हींच त्यांचीं मापें. अशी विद्या हाताकडून हाताकडे जाते, आणि हात थांबले कीं संपते. तिचा उरलेला ग्रंथ म्हणजे तो धातूच. त्याची किंमत आपण कशी केली? १८५४ मध्यें मलिक-इ-मैदान लिलावांत काढली, तेव्हां सर्वांत मोठी बोली १५० रुपयांची आली. सुदैवानें अधिकाऱ्यांनीं ती विकली नाहीं. त्या दिवशीं ती मोडींत गेली असती, तर नुसतें जुनें कांसें वितळलें नसतें. त्या पिढ्यांच्या ज्ञानाचा, ज्याची दुसरी प्रत नाहीं असा, एक ग्रंथ भट्टींत गेला असता.