मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि यशाचे बदलते निकष : भारतीय नेत्रोपचाराच्या इतिहासातील एक प्रश्न

प्रस्तावना

भारतातील नेत्रोपचाराचा इतिहास बहुधा दोन टोकांवरून लिहिला जातो. सुश्रुताने सर्व काही आधीच सांगून ठेवले होते, असे एक टोक मानते. तर खरे नेत्रवैद्यक पाश्चात्त्य विद्येबरोबरच या देशात आले, असे दुसरे मानते. दोन्ही मांडण्यांत लक्ष शस्त्रक्रियेच्या तंत्रावर आणि ते प्रथम कोणाला अवगत झाले यावर असते. शस्त्रक्रिया झाल्यानंतर रुग्णाला नेमके काय आणि किती दिसू लागले, हा प्रश्न मात्र बाजूला राहतो. वस्तुतः मोतीबिंदूच्या बाबतीत 'शस्त्रक्रिया यशस्वी झाली' या विधानाचा अर्थ प्रत्येक काळात वेगळा होता. हा अर्थ कसा बदलत गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शलाका आणि 'रूपदर्शन'

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांची गणना आढळते. उत्तरतंत्र हा भाग मूळ संहितेला नंतर जोडला गेला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्यातील 'लिंगनाश' या विकारापैकी कफजन्य प्रकार शस्त्रसाध्य मानला असून त्याच्या उपचाराचे वर्णन लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहे. रुग्णास स्नेहन-स्वेदन देऊन बसवावे, त्याने स्वतःच्या नाकाकडे दृष्टी लावावी, वैद्याने डावा डोळा उजव्या हाताने व उजवा डोळा डाव्या हाताने विंधावा, असा क्रम तेथे सांगितला आहे. नंतर डोळ्यावर स्त्रीदुग्धाचे सिंचन करावे, आणि पुढे खोकणे, शिंकणे, थुंकणे, ढेकर देणे रुग्णाने टाळावे. डोळ्यातील दाब अचानक वाढू नये हे आजच्या शल्यवैद्यासही मान्य होणारे तत्त्व या नियमांमागे दिसते. या वर्णनातील शलाका गढूळ भिंगच खाली सारते की केवळ द्रव बाहेर काढते, याविषयी इतिहासकारांत एकवाक्यता नाही. तथापि पुढील अनेक शतके भारतात रूढ असलेली पद्धत भिंग बाहुलीच्या मार्गातून खाली ढकलण्याचीच होती.

येथे महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. रुग्णाला रूपे दिसू लागली की शलाका हळूच काढून घ्यावी, असे ग्रंथ सांगतो. म्हणजे यशाचा निकष 'रूपदर्शन' हा होता. ज्याला केवळ उजेड-अंधाराचे भान उरले होते, त्याला माणसाचा आकार ओळखू येणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे. परंतु भिंग दृष्टिमार्गातून गेल्यावर डोळ्याची प्रकाशकिरण एकत्र आणण्याची बरीचशी शक्तीही जाते. तीव्र भिंगाचा चष्मा उपलब्ध नसलेल्या त्या काळात रुग्णाला मिळणारी दृष्टी ही धूसर आकारांचीच होती.

'मोतीबिंदू' या शब्दातही जुनी समजूत गोठलेली आहे. बाहुलीत उतरलेला मोत्यासारखा थेंब, अशी ही कल्पना. अरबी वैद्यकात या विकाराचे नाव 'पाणी उतरणे' असे होते, तर युरोपीय भाषांतील 'कॅटॅरॅक्ट' या शब्दाचा मूळ अर्थ धबधबा असा आहे. मोतीबिंदू म्हणजे बाहेरून आलेला पडदा नसून गढुळलेले भिंगच होय, हे फ्रेंच वैद्य ब्रिसो याने १७०५ मध्ये शवविच्छेदनाने दाखविले. १७४७ मध्ये दाव्हिएल याने ते भिंग ढकलण्याऐवजी छेद घेऊन बाहेर काढले. (मराठीतील 'काचबिंदू' हा मात्र सर्वस्वी वेगळा, डोळ्यातील वाढत्या दाबाशी निगडित विकार होय. प्राचीन नेत्रवैद्यकात 'काच' ही संज्ञा तिमिराच्याच वाढत्या अवस्थेस लावलेली आढळते. त्यामुळे जुने ग्रंथ वाचताना या नामसाधर्म्याने फसगत होण्याचा संभव असतो.)

तंजावरची कागदपत्रे

या दोन परंपरांची गाठ भारतात कशी पडली, याचा एक पुरावा मराठी भाषकांच्याच इतिहासात सापडतो. तंजावरचे भोसले घराण्यातील राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात नेत्ररुग्णांच्या नोंदी जतन झाल्या आहेत. १८२७ च्या सुमाराच्या या कागदांत चाळीसहून अधिक रुग्णांचे वृत्तांत असून रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. राजाने स्वतः शस्त्रक्रिया केल्या असे अनेकदा लिहिले जाते. दरबारातील मॅकबीन या डॉक्टरचा त्यातील वाटा किती आणि राजाचा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. हा वाद काहीसा गौण म्हणावा लागेल. या कागदांचे खरे मोल असे की, येथे रुग्ण शस्त्रक्रियेबरोबर संपत नाही. त्याच्या डोळ्याची स्थिती लिहून ठेवली जाते, तिचे चित्र काढले जाते. परिणाम नोंदविण्याची ही सवय त्या काळच्या फिरत्या वैद्यांकडे नव्हती, आणि नंतरच्या काळातील अनेक शिबिरांतही ती टिकलेली दिसत नाही.

संख्येचे आकर्षण

१८१९ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेले नेत्ररुग्णालय हे जगातील सर्वांत जुन्या नेत्ररुग्णालयांपैकी एक होय. त्याचे अधीक्षक राहिलेले रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९१७ च्या सुमारास शलाकापद्धतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. सुई टोचून भिंग ढकलणाऱ्या फिरत्या वैद्यांच्या हातून पुढे डोळ्यांची काय अवस्था होई, हे त्यांनी असे डोळे विच्छेदून दाखविले. जंतुसंसर्ग, दाह आणि वाढलेला दाब यांमुळे अनेक डोळे कायमचे निकामी होत. वैद्य मात्र रुग्णाला बोटे दिसताच मोबदला घेऊन पुढच्या गावी गेलेला असे. एलियट यांच्या निष्कर्षांना एक मर्यादा आहे. रुग्णालयात परत येणारे रुग्ण प्रामुख्याने बिघडलेलेच असणार. ज्यांना बरे दिसू लागले ते कशाला येतील? तरीही काही आठवड्यांनंतरचा डोळा तपासावा, हा त्यांचा आग्रह रास्तच होता.

१८८४ मध्ये कोलर याने कोकेनचा स्थानिक भूल देणारा गुण दाखविल्यावर डोळ्याची शस्त्रक्रिया सुसह्य झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबात जालंधर येथे हेन्री स्मिथ या लष्करी वैद्यकीय सेवेतील शल्यविशारदाने डोळ्यावर बाहेरून दाब देऊन भिंग त्याच्या कोशासह बाहेर काढण्याची पद्धत हजारो रुग्णांवर वापरली. तिचा लाभ असा की, मोतीबिंदू पूर्ण 'पिकण्याची' वाट पाहावी लागत नसे. कोश मागे ठेवून भिंग काढताना न पिकलेला मऊ भाग आत राहून दाह होई. त्यामुळे पिकण्याची वाट पाहण्याचा सल्ला तेव्हा योग्य होता. 'अजून पिकला नाही' ही आपल्याकडील घराघरांतील समजूत त्या जुन्या तंत्राचा अवशेष आहे. आज तिच्यापायी होणारा विलंब उलट धोक्याचा ठरतो, कारण अतिपक्व मोतीबिंदूमुळे डोळ्यातील दाब वाढू शकतो.

स्वातंत्र्याच्या आगेमागे नेत्रशिबिरांचे युग आले. शाळा, धर्मशाळा, मंडप, जेथे जागा मिळेल तेथे शस्त्रक्रिया होऊ लागल्या. विजापूर जिल्ह्यातून आलेले डॉ. मु. चे. मोदी यांच्या नावावर एका दिवसात ८३३ शस्त्रक्रियांची नोंद सांगितली जाते. खेड्यातील वृद्धांपर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग तेव्हा नव्हता, हे मान्य करूनच या काळाचे मूल्यमापन झाले पाहिजे. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि शस्त्रक्रियांची संख्या हेच शासकीय उद्दिष्ट बनले.

कोशासह भिंग काढलेल्या या रुग्णांना साधारण दहा नंबरचा जाड भिंगाचा चष्मा दिला जाई. या चष्म्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसतात, कडेचे दृश्य तुटते, पायरीचा अंदाज चुकतो. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर दोन डोळ्यांतील प्रतिमा जुळतच नाहीत. शिवाय शिबिरात मिळालेला चष्मा फुटला की रुग्ण पुन्हा जवळजवळ दृष्टिहीन. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात झालेल्या लोकसंख्याधारित पाहण्यांत शस्त्रक्रिया होऊनही दृष्टिहीन असलेल्यांचा मोठा गट आढळला, आणि चष्म्याचा अभाव हे त्याचे एक प्रमुख कारण होते. अहवालात मात्र असा प्रत्येक रुग्ण 'यशस्वी शस्त्रक्रिया' म्हणूनच मोजला गेलेला होता.

कृत्रिम भिंग आणि विनाचष्मा दृष्टी

हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग मानवी डोळ्यात बसविले. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले विमानाच्या छताचे ॲक्रिलिक तुकडे दाह न करता राहतात, या निरीक्षणातून त्यांना ही कल्पना सुचली होती. ती भारतीय खेड्यापर्यंत पोहोचण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला. किंमत हे त्याचे एक कारण. दुसरे, अधिक मूलगामी कारण असे की, कोशासह भिंग काढल्यावर कृत्रिम भिंगाला टेकण्यासाठी काही उरतच नाही. भिंग बसवायचे तर मागील कोश शाबूत ठेवणारी पद्धत हवी, त्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा, भिंगाचा नंबर ठरविण्यासाठी डोळ्याचे मापन हवे आणि शल्यविशारदांचे नव्याने प्रशिक्षण हवे. हे मंडपात होणारे काम नव्हते.

१९७६ मध्ये मदुराईत अकरा खाटांवर सुरू झालेल्या अरविंद नेत्ररुग्णालयाने १९९२ मध्ये 'ऑरोलॅब' ही निर्मितिसंस्था उभारली, आणि आयात असताना सुमारे शंभर डॉलरला पडणारे भिंग दहा डॉलरच्या आसपास मिळू लागले. याच सुमारास जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत १९९४ ते २००२ या काळात राबविलेल्या प्रकल्पात शस्त्रक्रिया मंडपातून रुग्णालयात आल्या. शिबिरात केवळ तपासणी करावी आणि रुग्णाला वाहनाने रुग्णालयात आणावे, हा आज परिचित असलेला क्रम तेव्हा रुळला.

पुण्यातील ह. वि. देसाई नेत्ररुग्णालयात झालेला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. टाके घालावी लागणारी मोठ्या छेदाची आणि बिनटाक्याची लहान छेदाची, अशा दोन पद्धतींची तुलना त्यात केली होती. सहा आठवड्यांनंतर तपासलेल्या ७०६ रुग्णांपैकी विनाचष्मा ६/१८ किंवा अधिक चांगली दृष्टी पहिल्या गटात सुमारे ३७ टक्क्यांना, तर दुसऱ्या गटात सुमारे ४८ टक्क्यांना लाभली होती. चष्म्यासह पाहिल्यास दोन्ही गटांतील अंतर फारच कमी होते. शेतावर जाणारी वृद्ध स्त्री चष्मा वापरेलच असे नाही. म्हणून तिच्या दृष्टीने पहिले मोजमाप खरे, दुसरे तपासणी-कक्षातले. महागड्या यंत्रावर अवलंबून नसलेली ही लहान छेदाची पद्धत जिल्हा पातळीवर रुजली, यामागे अशा अभ्यासांचे पाठबळ आहे.

अंधत्वाची व्याख्या

शासकीय आकडेवारी वाचताना याच सावधगिरीची गरज भासते. १९८६-८९ च्या पाहणीत देशातील अंधत्वाचे प्रमाण १.४९ टक्के होते आणि त्यातील सुमारे ८० टक्के मोतीबिंदूमुळे होते. २०१५-१९ च्या पाहणीत हे प्रमाण ०.३६ टक्के नोंदविले गेले. घट मोठी आहे आणि तिच्यामागे वरील सर्व प्रयत्न आहेत, यात शंका नाही. परंतु दरम्यान, २०१७ मध्ये, अंधत्वाची व्याख्या ६/६० पेक्षा कमी दृष्टीऐवजी जागतिक आरोग्य संघटनेप्रमाणे ३/६० पेक्षा कमी अशी करण्यात आली. निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारे अक्षर जो सहा मीटरवरून ओळखू शकत नाही, पण चार मीटरवरून ओळखतो, असा मनुष्य जुन्या पाहणीत अंध होता. नव्या पाहणीत तो अंधांच्या संख्येत नाही. त्याच्या डोळ्यातील मोतीबिंदू मात्र तेवढाच आहे. पन्नाशीपुढील व्यक्तींतील अंधत्वाचे सुमारे दोन तृतीयांश कारण मोतीबिंदू हेच असल्याचे नव्या पाहणीतही नमूद आहे.